निद्रा : अभ्यासाचा उत्तरार्ध

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात, शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने, व्यवसायाने मज्जाविकारतज्ज्ञ असलेल्या, दिलेले व्याख्यान)



एका शाळेने साठ वर्षे पूर्ण करावीत, ही कुठेही आनंदाचीच गोष्ट. इंदूरसारख्या हिंदीभाषक शहरात मराठी माध्यमाच्या शाळेने ती पूर्ण करावीत, यात आनंदाइतकाच अनेकांच्या चिवटपणाचाही वाटा आहे. होळकरांच्या काळापासून या शहरात मराठी नांदत आली असली, तरी घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुढील शिक्षणात इंग्रजी अशी तिहेरी कसरत आपली मुले रोज करीत असतात. ती कसरत ज्यांनी सुकर केली, त्या सर्व आजीमाजी शिक्षकांना मी आरंभीच वंदन करतो.

संयोजकांनी विषयाची निवड माझ्यावर सोपवली होती. कार्यक्रमपत्रिका वाचताना ती निवड आपोआप झाली. आज दुपारच्या सत्रात आपल्यापुढे एक प्रस्ताव येणार आहे. हीरक महोत्सवी निधीतून शाळेच्या आवारात एक सुसज्ज अभ्यासिका उभारावी आणि परीक्षांच्या दिवसांत ती रात्रभर उघडी ठेवावी, असा तो प्रस्ताव आहे. त्यामागची कळकळ मला समजते. दोन खोल्यांच्या घरात, दूरदर्शन संचाच्या आणि पाहुण्यांच्या गजबजाटात अभ्यास करणारी मुले आपल्या शाळेत पूर्वीही होती, आजही आहेत. त्यांना शांत जागा मिळालीच पाहिजे. माझे म्हणणे आहे ते प्रस्तावातील ‘रात्रभर’ या एका शब्दाविषयी. तो शब्द राहावा की जावा, हे ठरविण्यापूर्वी स्मरणशक्ती आणि निद्रा यांचे नाते काय आहे, ते आपण समजून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

जागरणाविषयी आपल्या मनात पूर्वापार आदर आहे. आदर्श विद्यार्थ्याची पाच लक्षणे आपल्यापैकी बहुतेकांनी सुभाषितांच्या तासाला पाठ केली असतील. काकचेष्टा, बकध्यान, अल्पाहार आणि गृहत्याग यांच्या जोडीला त्यात श्वाननिद्राही आहे. रस्त्याच्या दिव्याखाली रात्री जागवून मोठ्या झालेल्या पुरुषांच्या कथा आपण ऐकल्या आणि मुलांना सांगितल्या. अर्जुनाला ‘गुडाकेश’, म्हणजे निद्रेवर विजय मिळविणारा, म्हटले गेले, आणि झोपाळू माणसाच्या वाट्याला कुंभकर्णाची उपमा आली. परिणामी घरातील मूल रात्री एक वाजता दिव्याखाली बसलेले दिसले की आईवडिलांना समाधान वाटते, आणि तेच मूल दहा वाजता अंथरुणात शिरले की काळजी वाटू लागते.

परंतु आपल्याच परंपरेचा दुसरा आवाजही ऐकण्याजोगा आहे. चरकसंहितेने शरीराचे जे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या खालोखाल निद्रेला स्थान दिले आहे. त्याच ग्रंथात सुख आणि दुःख, बल आणि दुर्बलता यांच्याबरोबरच ज्ञान आणि अज्ञानही निद्रेवर अवलंबून असल्याचे म्हटले आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिनिद्रेबरोबर अतिजागरणही योगाला बाधक ठरविले आहे. आणि श्वाननिद्रेविषयी बोलायचे, तर कुत्र्याची झोप सावध असते हे खरे. पण चोवीस तासांचा हिशेब केला, तर तो माणसापेक्षा अधिकच झोपतो. तुकड्यातुकड्यांनी झोपतो, इतकेच.

आता प्रयोगशाळेकडे वळू. स्मरणशक्तीचे मोजमाप करता येते, हे प्रथम दाखवून दिले ते हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने. त्याचा ग्रंथ १८८५ साली प्रसिद्ध झाला. प्रयोग करणारा तोच आणि प्रयोगाचा विषयही तोच. अर्थहीन अक्षरगटांच्या याद्या तो पाठ करी, ठरावीक काळ जाऊ देई आणि पुन्हा पाठ करताना पहिल्यापेक्षा किती श्रम वाचले, हे मोजी. वीस मिनिटांनंतर सुमारे ५८ टक्के श्रम वाचत; सुमारे नऊ तासांनंतर ३६ टक्के, चोवीस तासांनंतर ३४ टक्के आणि दोन दिवसांनंतर २८ टक्के. या आकड्यांत एक गंमत दडलेली आहे. नवव्या तासापासून चोविसाव्या तासापर्यंतच्या पंधरा तासांत घट झाली अवघी दोन टक्क्यांची, आणि त्यापुढील चोवीस तासांत मात्र सहा टक्क्यांची. त्या पंधरा तासांत असे काय घडले की विसरण्याचा वेग एकाएकी मंदावला? त्या अवधीत रात्रीची झोप होती. ही विसंगती एबिंगहाउसच्या ध्यानात आली होती. पण झोपेमुळे एवढा फरक पडेल, हे त्याला पटले नाही.

या प्रश्नाचा थेट पडताळा १९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी घेतला. दोन विद्यार्थ्यांनी दहा-दहा अक्षरगट पाठ करायचे. कधी ते रात्री पाठ करून लगेच झोपायचे, तर कधी सकाळी पाठ करून दिवसाची नेहमीची कामे करायची. मधले तास तेवढेच. आठ तासांनंतर पाहिले, तर झोपेनंतर दहापैकी सरासरी पाचांहून अधिक आठवत होते आणि जागेपणानंतर जेमतेम एक. दिवसभराच्या नव्या अनुभवांचा मारा झोपेत थांबतो, म्हणून जुने टिकते, असा अर्थ त्या वेळी लावला गेला. म्हणजे झोप ही शिकलेल्या गोष्टीवर घातलेले झाकण, अशी ती समजूत होती. पुढच्या संशोधनाने दाखवून दिले की झोपेत झाकण घालण्यापेक्षा पुष्कळच अधिक काही घडते.

ते समजण्यासाठी एका रुग्णाची हकीकत सांगणे आवश्यक आहे. हेन्री मोलेसन या तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिपोकॅम्पस या भागाचा बराचसा अंश काढून टाकण्यात आला. झटके कमी झाले. परंतु त्यानंतर २००८ साली त्याचे निधन होईपर्यंत, कोणतीही नवी घटना वा नवी ओळख त्याच्या मनात टिकली नाही. बालपणीच्या आठवणी मात्र शाबूत होत्या. ब्रेंडा मिल्नर यांनी वर्षानुवर्षे त्याचा अभ्यास केला आणि त्यातून एक मोठे सत्य उलगडले. नव्या आठवणीची पहिली नोंद हिपोकॅम्पसमध्ये होते. पण तिचा कायमचा मुक्काम तेथे नसतो. मुरलेल्या आठवणी मेंदूच्या बाह्य थरात विखरून साठविलेल्या असतात.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी दुकानदारी होती, त्यांना मी एका शब्दात सांगू शकेन. हिपोकॅम्पस ही मेंदूची रोजकीर्द आहे आणि बाह्य थर ही खतावणी. दिवसभराचे व्यवहार घाईघाईने रोजकीर्दीत टिपले जातात. दुकानाची फळी लागली, गिऱ्हाईक गेले, की दिवाणजी शांतपणे बसून एकेक रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवितात. दुकान उघडे असताना हे काम नीट होत नाही. मेंदूच्या बाबतीत दुकानाची फळी लावणे म्हणजे झोप.

ही केवळ उपमा नाही. १९९४ साली मॅथ्यू विल्सन आणि ब्रूस मॅकनॉटन यांनी उंदरांच्या हिपोकॅम्पसमधील पेशींचे विद्युत्संकेत आधी ते जागेपणी फिरत असताना आणि नंतर झोपेत टिपले. फिरताना ज्या पेशी एकत्र उद्दीपित झाल्या होत्या, त्याच पेशी नंतरच्या गाढ झोपेत पुन्हा एकत्र उद्दीपित होताना दिसल्या. दिवसाचा पाठ रात्री पुन्हा गिरविला जात होता. झोपेतील ही उजळणी आणि मेंदूच्या बाह्य थरातील मंद लहरी यांच्या मेळातून नवी माहिती जुन्या ज्ञानाला जोडली जाते, असे आज मानले जाते. म्हणूनच पुष्कळदा रात्री अडलेले गणित सकाळी सोपे वाटते.

रात्रीची झोप सबंध सारख्या पोताची नसते. सुमारे नव्वद मिनिटांचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने आपण रात्रभरात पुरी करतो. गाढ निद्रेचा मोठा वाटा रात्रीच्या पूर्वार्धात येतो. डोळ्यांची जलद हालचाल होत असलेली जी स्वप्नमय निद्रा, जिचे वर्णन शिकागो विद्यापीठात असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी १९५३ साली प्रथम केले, तिचा मोठा वाटा पहाटेकडे येतो. दोन्ही प्रकारांचे कार्य वेगवेगळे आहे आणि शिकण्यासाठी दोन्ही लागतात. आता पाहा : आठ तास झोप हवी असलेल्या मुलाला आपण दोन तास आधी उठविले, तर घड्याळाच्या हिशेबाने पाव झोप गेली, पण स्वप्ननिद्रेचा वाटा त्याहून पुष्कळ अधिक गेला, कारण ती त्या शेवटच्या तासांतच साठलेली असते.

येथे ज्येष्ठांच्या मनात एक शंका उभी राहील, आणि ती रास्त आहे. आमच्या पिढीला पहाटे चारला उठवीत, ब्राह्ममुहूर्तावर केलेले पाठांतर पक्के होई, मग आमचे काय बिघडले? काहीच बिघडले नाही, कारण त्या घरांत रात्री साडेआठ-नऊला निजानीज होई. नऊला झोपून चार-साडेचारला उठणारे मूल सात-साडेसात तास झोपत असे, आणि शांत पहाटेला ताज्या मनाने पुस्तक उघडत असे. आपण पहाट ठेवली आणि तिच्या आधीची रात्र गमावली. आजचा दहावीतील विद्यार्थी संध्याकाळी भंवरकुआँच्या शिकवणी वर्गाला जातो, साडेआठला परततो, जेवून गृहपाठ करतो, मग घटकाभर मोबाइल हाती घेतो आणि पावणेबाराला झोपतो. त्याला साडेचारला उठविले, तर पदरात पडतात पावणेपाच तास. रोज आठ तासांच्या मानाने सव्वातीन तासांची तूट. महिनाभर हे चालले, तर जवळजवळ बारा संपूर्ण रात्रींची झोप बुडाली. बारा रात्री मूल झोपलेच नाही, असे कोणी सांगितले, तर आपण त्याला तत्काळ डॉक्टरांकडे नेऊ. हीच तूट हप्त्याहप्त्याने झाली, म्हणून आपल्याला दिसत नाही.

ती त्या मुलालाही दिसत नाही, हे अधिक गंभीर आहे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी काही निरोगी प्रौढांना चौदा रात्री प्रत्येकी चार वा सहाच तास झोपू दिले. लक्ष टिकविण्याची त्यांची क्षमता दिवसेंदिवस खालावत गेली आणि अखेरीस ती संपूर्ण रात्र, प्रसंगी सलग दोन रात्री जागलेल्या माणसाइतकी घसरली. तथापि, आपल्याला फारशी झोप येत नाही, आपण सावरलो आहोत, असेच त्यांना वाटत होते. तेव्हा ‘मला पाच तास पुरतात’ ही साक्ष ग्राह्य धरताना सावध असावे. साक्षीदार प्रामाणिक असतो. पण त्याचे मोजण्याचे साधनच थकलेले असते.

झोप बुडाल्याने कालचा अभ्यास कच्चा राहतो, तसा उद्याचाही बिघडतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही तरुणांना रात्रभर जागे ठेवून दुसऱ्या दिवशी चित्रांची एक मालिका दाखविली. मग दोन रात्री त्यांना पुरेशी झोप घेऊ दिली आणि त्यानंतर चाचणी घेतली. नीट झोपून चित्रे पाहिलेल्यांपेक्षा त्यांना ती कमी ओळखता आली. चाचणीच्या दिवशी ते थकलेले नव्हते. पाहण्याच्या दिवशी त्यांच्या रोजकीर्दीत नोंदच अर्धवट झाली होती, आणि जे नोंदलेच गेले नाही, त्याची खतावणी नंतर कितीही झोपून होत नाही.

हा मुद्दा दुसऱ्या बाजूनेही लक्षात ठेवला पाहिजे. झोप अभ्यासाची जागा घेत नाही. निजलेल्या माणसाच्या कानाशी धडे वाजवून शिकविता येईल, अशी आशा एके काळी अनेकांना होती. १९५० च्या दशकात मेंदूच्या लहरी नोंदवून याची कसून तपासणी झाली, तेव्हा खऱ्या झोपेत ऐकविलेले काहीही सकाळी आठवत नाही, असे आढळले. मुलांनो, तुमच्यापैकी जे मागच्या रांगेत आहेत, त्यांनी एवढेच वाक्य ऐकून घरी जाऊ नये, म्हणून हे सांगितले. जागेपणी लक्षपूर्वक केलेला अभ्यास हा पूर्वार्ध. निद्रा हा उत्तरार्ध.

मग आदल्या रात्री जागून उत्तीर्ण झालेल्यांचे काय? असे अनेकजण या सभागृहात असतील. घोकंपट्टीला फळ येते, हे नाकारण्याचे कारण नाही. ते किती काळ टिकते, हा प्रश्न आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला आणि दुसऱ्या गटाला पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून लिहिणारेच पुढे गेले. रात्री दोन वाजता तेच पान पाचव्यांदा वाचणाऱ्याला सर्व येत असल्याचा जो भास होतो, तो त्या पाच मिनिटांचा विजय असतो. आणि आपल्या मुलांना परीक्षा एका दिवसाची नसते. दहावीचे बीजगणित अकरावीला लागते, अकरावीचे भौतिकशास्त्र प्रवेश परीक्षेला लागते. ज्यांना मराठीतून शिकलेल्या संज्ञा पुढे इंग्रजीतून पुन्हा ओळखायच्या आहेत, त्यांचा पाया तर अधिकच पक्का हवा.

पालकहो, किशोरवयाविषयी एक गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी, कारण तिच्यावरून घरोघरी भांडणे होतात. आपल्या शरीरात एक दैनिक घड्याळ आहे. त्याची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. वयात येताना हे घड्याळ काहीसे पुढे सरकते. अंधाराची वर्दी देणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक लहानपणीच्या मानाने उशिरा स्रवू लागते. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला नऊ वाजता झोप येत नाही आणि पहाटे जाग येत नाही. यात आळस किंवा उद्धटपणा शोधू नये. मात्र त्याची गरज कमी झालेली नसते. सहा ते बारा वर्षे वयाला नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांना आठ ते दहा तास झोप असावी, अशी निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. ही गरज आता राज्यकर्त्यांनीही ओळखली आहे. माध्यमिक शाळा सकाळी फार लवकर भरू नयेत, असा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये केला; महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. आपल्या शाळेच्या सकाळच्या सत्राच्या वेळेचाही व्यवस्थापनाने या दृष्टीने विचार करावा.

घरी काय करता येईल, हे थोडक्यात सांगतो. उठण्याची वेळ ठरवून ती सुट्टीतही फारशी बदलू देऊ नये. घड्याळ तिच्यावरच लागते. एखादा धडा एका बैठकीत तीन तास करण्यापेक्षा तीन दिवस एकेक तास करावा, म्हणजे त्याच्या वाट्याला तीन रात्रींची खतावणी येते. झोपण्यापूर्वीचा अर्धा तास नव्या धड्याला न देता त्या दिवशी झालेल्या भागाच्या शांत उजळणीला द्यावा, आणि सकाळी पुस्तक उघडण्यापूर्वी काल काय केले, ते कागदावर लिहून पाहावे. चहातील उत्तेजक द्रव्याचा निम्मा अंश शरीरातून जायला सुमारे पाच तास लागतात. रात्री नऊला घेतलेल्या चहाचा अर्धा अंमल दोन वाजताही असतो, म्हणून संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. मोबाइल रात्री मुलाच्या उशाशी नसावा. त्याच्या उजेडाने झोप लांबते आणि त्यातील मजकुराने ती त्याहून अधिक लांबते. परंतु हा नियम आईवडिलांनाही लागू केला, तरच तो टिकतो. दुपारी शाळेतून आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांची वामकुक्षी अवश्य घ्यावी. ती तासावर जाऊ नये आणि संध्याकाळवर ढकलू नये. जागे राहण्यासाठी वा झोप येण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याविना कोणतीही गोळी देऊ नये. मूल रोज मोठ्याने घोरत असेल, किंवा कित्येक आठवडे झोप लागत नसेल आणि त्याबरोबर उदासपणा दिसत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

याबरोबर एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. झोपेला आणखी एक विषय करून मुलाची नवी परीक्षा सुरू करू नका. परीक्षेच्या आदल्या रात्री काळजीने झोप लागत नाही, हे स्वाभाविक आहे. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने वर्षभराचा अभ्यास वाहून जात नाही. आधीच्या रात्रींनी जे खात्यावर चढविले, ते शाबूत असते. दिवा मालवून शांत पडून राहा, एवढेच त्याला सांगावे. ‘झोपलास का?’ म्हणून दर दहा मिनिटांनी दार उघडून पाहू नये.

आता पुन्हा अभ्यासिकेकडे येतो. झोप सर्वांना फुकट मिळते, असे आपण समजतो; पण ती तशी मिळत नाही. ज्याच्या घरात स्वतंत्र खोली आहे, तो दिवा मालवू शकतो. ज्याच्या घरी एकाच खोलीत पाच माणसे राहतात, वडील रात्रपाळीहून परततात आणि आई पहाटे पाण्यासाठी उठते, त्याला शांत अभ्यास मिळतो तो मध्यरात्रीच, आणि त्याची किंमत तो झोपेने मोजतो. त्या मुलासाठी रात्रभर उघडी अभ्यासिका वरकरणी सोयीची दिसते. प्रत्यक्षात त्याच्या वाट्याची जी ओढाताण आहे, तिच्यावर आपण शाळेचा शिक्का मारू. जे मूल रात्री अकराला घरी जाऊ इच्छिते, त्यालाही शेजारचा बसला आहे म्हणून उठवणार नाही. आणि पहाटे तीन वाजता पेंगणाऱ्या मुलांची खोली पाहून आपल्याला शाळेचा अभिमान वाटू लागेल, ही मला सर्वांत मोठी भीती वाटते.

म्हणून माझी दुरुस्ती अशी आहे. अभ्यासिका अवश्य व्हावी आणि तिच्यासाठी निधी कमी पडला, तर आम्हा माजी विद्यार्थ्यांकडून हक्काने मागावा. ती शाळा सुटल्याबरोबर, दुपारीच उघडावी, म्हणजे संध्याकाळचे चार-पाच शांत तास त्या मुलाच्या हाती लागतील. गणिताची वा इंग्रजीची अडचण सोडवायला माजी विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी तेथे आळीपाळीने बसावे. मध्यरात्रीचे दोन तास जे वाया जातात, ते बहुधा अडलेल्या एका उदाहरणावरच जातात. सकाळी सहाला ती पुन्हा उघडावी. आणि रात्री साडेनऊ वाजता, परीक्षांच्या दिवसांतही, शिपायाने घंटा द्यावी आणि दिवे मालवावेत. या शाळेच्या घंटेने साठ वर्षे मुलांना वर्गात बोलावले आहे. आता तिने त्यांना वेळेवर घरीही पाठवावे.

दुपारच्या चर्चेत आपण या दुरुस्तीचा सहानुभूतीने विचार कराल, अशी आशा बाळगतो. येत्या परीक्षेस बसणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना सुयश चिंतितो.